पुसणाऱ्या ताई

मेकअपच्या क्लासला पहिल्या दिवशी मी नवे कोरे बारा ब्रश घेऊन गेले होते. निर्मलाताईंनी ते माझ्या हातून घेतले, एकेक उलटासुलटा करून पाहिला, लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं.

"तीन महिन्यांनी देईन," म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्या हातात कापसाचा एक गुंडाळा, खोबरेल तेलाची वाटी आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचा एक तुकडा ठेवला. मला वाटलं, या बाईंचा काहीतरी घोटाळा झालाय, मला घरकामाला आलेली समजताहेत.

"हे कायले, ताई?"

"शिकाले आली ना? मंग? लावनं हौस हाय, काढनं हुन्नर हाय. आपल्या इथी आधी हुन्नर, मंग हौस."

मेकअप शिकवणाऱ्या बायका वणीत काही कमी नव्हत्या. बसस्टँडवरून बाहेर पडलं की खांबाखांबावर त्यांचे फ्लेक्स. सात दिवसांत ब्युटिशियन, पंधरा दिवसांत ब्रायडल, खाली इंग्रजी नावांची रांग आणि वर हनुवटीला बोट लावून बसलेली नवरी. निर्मलाताईंचा फ्लेक्स नव्हता. त्या कोळसाखाणीच्या कॉलनीत राहायच्या आणि कंपनीच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत शिकवायच्या. मी ऑटोवाल्याला पत्ता विचारला तेव्हा तो म्हणाला, "मेकअपवाल्या? अस्सं, पुसनाऱ्या बाई म्हना ना! बसा." साऱ्या वणीत त्यांचं हेच नाव होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना जरासा गर्वच होता.

ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चालताना किंचित डावीकडे झुकणाऱ्या. इतर बायका कमरेला किल्ल्या खोचतात, या कापसाचा बोळा खोचायच्या. बाजारात असोत, बसमध्ये असोत, समोरच्या बाईचं तोंड पाहायचं सोडून या तिच्या कानामागे पाहायच्या. "मानसाचं खरं कानामागं असते," असं त्यांचं म्हणणं होतं. पुढून कितीही रंगवा, कालची पावडर, परवाचा रंग, सगळं तिथं जाऊन बसतं. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर मात्र काही म्हणजे काही नसायचं. टिकली आणि घाम. आम्ही एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "हलवाई सोताची जिलबी खाते काय?" आणि विषय तिथंच संपवला. पण त्यात काहीतरी होतं हे आम्हाला कळायचं, कारण क्लासमध्ये आम्ही एकमेकींच्या तोंडांवर हात साफ करायचो आणि कधी गमतीनंही कोणी ताईंच्या गालाकडे बोट नेलं तर त्या मागं सरायच्या.

आमच्या बॅचला सहा मुली होत्या. ताई कोणालाच नावानं हाक मारायच्या नाहीत. गावानं मारायच्या. मी मारेगावची, म्हणून मी मारेगाव. रुबीना पांढरकवड्याची, म्हणून ती पांढरकवडा. "ए मारेगाव, कापूस वाया घालू नोको." "पांढरकवडा, तुहं ध्यान कुठी हाय?" एकदा पोस्टमन दारात उभा राहून हे ऐकत होता. तो म्हणाला, "ताई, येवढी गावं तं माह्या बॅगेतही नाहीत."

या हाकेमागे एक कायदा होता. ताई कागदी सर्टिफिकेट देत नसत. एखाद्या मुलीनं एका नवरीचं पूर्ण काम एकटीनं करायचं, ताई खोलीबाहेर खुर्ची टाकून बसणार, आत डोकावणार नाहीत. काम झालं की आत येऊन एकदा पाहायचं. पसंत पडलं तर त्या मुलीला त्या पहिल्यांदा तिच्या नावानं हाक मारायच्या. बस, झाली पास. त्या नावानं हाक मारली की वणीत दुसरं काही विचारायची गरज उरत नसे. ताईंकडे येणाऱ्या नवऱ्या मग त्या मुलीकडे पाठवल्या जायच्या.

माझं सगळं त्या हाकेवर अडकलेलं होतं. घरून मला उन्हाळ्यापर्यंतची सवलत मिळाली होती. मोठेबाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, त्यांचं मारेगावला बी-बियाण्यांचं दुकान आहे. तोंडं रंगवायला शिकायचं म्हणजे काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "जूनपर्यंत काही झालं नाही, तं काउंटरवर बस," असा त्यांचा निकाल होता. कपाशीच्या बियाण्याची पाकिटं मोजत बसलेली मी मला रोज स्वप्नात दिसायची.

आता काकाजींना आणलं पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय हा क्लास चाललाच नसता. काकाजी म्हणजे ताईंचे यजमान. खाणीत फिटर. उंच, हडकुळे, आवाज इतका हळू की मशीनच्या खडखडाटात या माणसाचं बोलणं कोणाला ऐकू तरी कसं जात असेल असं वाटायचं. पहिली पाळी करून साडेचारला घरी यायचे. बाकीचे कामगार खाणीवरच अंघोळ करून, भांग पाडून निघायचे. काकाजींना तशी मुभा नव्हती. हातपाय धुवा, पण तोंड तसंच घेऊन या, असा घरचा हुकूम होता. सारी कॉलनी हसायची. "फिटरभाऊ, आज पोरींचा पेपर हाय काय?" असं लोक त्यांना रस्त्यात विचारायचे.

ते आले की दारात चपला काढायचे, आमच्याकडे पाहून मान डोलावायचे आणि खोलीच्या मधोमध ठेवलेल्या खुर्चीत बसायचे. ती एका न्हाव्याच्या दुकानातून आणलेली जुनी खुर्ची होती, मागं टेकलं की कुर्र करायची. काकाजी डोळे मिटायचे. आणि आमचा तास सुरू व्हायचा.

कोळसा काय चीज आहे ते तोवर मला ठाऊक नव्हतं. गालावरचा निघतो. कपाळावरचा निघतो. पापण्यांच्या मुळाशी जो बसतो तो साबणाला हसतो. जोरात चोळलं तर डोळा लाल होतो आणि कोळसा तिथंच राहतो. ताई आमच्या मागं उभ्या राहून नुसत्या बोलायच्या. "घासू नोको. ते भांडं नोय. तेल लाव अन् थांब. आता तेल काम करून राह्यलं, तू कायले करतं? थांब म्हनलं ना. आता खालून वर, केस झोपले हायेत तसे. चिमनीच्या पिलाले पुसाचं हाय असं समज." थांबायचं, हेच मला जमत नव्हतं. पहिल्या महिन्यात मी काकाजींना तीनदा रडवलं. तिन्ही वेळा तेच मला म्हणाले, "होते बाई, होते."

दीड महिन्यानं एक दिवस असा आला की काकाजी माझ्या हाताखाली झोपले. घोरायला लागले. ताईंनी सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हा हात नवरीवर चालते."

त्या झोपेवरून पुढं एक रामायण घडलं. ब्रश हातात मिळून आठवडा झाला होता आणि आमच्या हातांना खाज सुटली होती. त्या दिवशी ताई शेजारच्या क्वार्टरमध्ये दळण आणायला गेलेल्या. काकाजी स्वच्छ तोंडानं गाढ झोपलेले. रुबीना म्हणाली, "एकच डोळा. वापस पुसून टाकू." एका डोळ्याचे दोन झाले. दोन डोळे झाल्यावर नुसते डोळे वाईट दिसतात म्हणून भुवया. मग मी गालांवर थोडी लाली दिली, कारण कामात कसर ठेवू नये असं ताईंनीच शिकवलेलं. रुबीनानं काढलेल्या लाइनरला शेवटी अशी वर जाणारी शेपटी होती की काय सांगू. आम्ही पुसायला कापूस घेणार तोच बाहेरून कोणीतरी हाक मारली, "फिटरभाऊ, चला, मीटिंग हाय!" आणि काकाजी ताडकन उठून, चपला घालून, चालते झाले.

आमच्या तोंडचं पाणी पळालं. मागं धावावं तर सांगावं काय? खिडकीतून पाहिलं तर काकाजी कॉलनीच्या रस्त्यानं ताठ चालले होते, आणि समोरून दळणाचा डबा घेऊन ताई येत होत्या. दोघं समोरासमोर आले. ताई थांबल्या. नवऱ्याकडे नीट पाहिलं. काहीतरी बोलल्या, काकाजींनी मान डोलावली, आणि ते पुढं गेले. ताई घरात आल्या, डबा ठेवला, पदरानं घाम पुसला.

"लाइनर सरळ हाय," म्हणाल्या. "कोनाचं होय?"

मग रुबीना पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाली, "माह्यावालं."

"बरं हाय. भुवई कोनाची? डावी जाड झाली."

ती माझी होती. मी हात वर केला.

"ताई, तुमी त्याहिले सांगतलं काहून नाही?" रुबीनानं विचारलं.

"मी म्हनलं, लवकर या. आनखी काय सांगू? मीटिंगमधी पन्नास मानसं हायेत. सांगतील कोनीतरी."

कोणीही सांगितलं नाही. दीड तासानं काकाजी परत आले ते तसेच, शेपटीसकट. म्हणाले, "आज साहेबानं माहं सगळं बोलनं ऐकून घेतलं. नाही तं मधातच तोडते. सारखा माह्या डोयाकडे पाहून राह्यला होता." मग त्यांची नजर आरशावर गेली. खुर्चीत बसून ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाणी आलं तरी रुबीनाचं लाइनर पसरलं नाही. ताईंनी तेही आमच्या लक्षात आणून दिलं.

नवरी तयार झाली की ताईंची एक शेवटची परीक्षा असायची. पूर्वी म्हणे त्या नवरीच्या आईला आत बोलवायच्या. आईनं दारातच "अगं बाई!" म्हटलं तर ठीक, पण दुसऱ्यांदा वळून पाहिलं की सगळं पुसून पुन्हा. "मायले लेक शोधा लागली, तं आपलं काम वाया," असं त्या म्हणायच्या. हल्ली त्यांनी आयांना सुट्टी दिली होती. हल्लीच्या नवऱ्यांचे फोन चेहरा पाहून उघडतात हे त्यांना कळलं आणि त्यांना फार आनंद झाला. "फोन उघडून दाखव," म्हणायच्या. फोन उघडला नाही की कमरेचा बोळा बाहेर. आया रडायच्या, भुलायच्या, खोटं बोलायच्या. फोनला माया नाही, म्हणून तो त्यांना पटायचा.

मे महिन्यात माझी पाळी आली. नवरी वणीजवळच्याच एका गावातली, लग्न दुपारचं, अंगणात मांडव. ताई ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या. मी आत एकटी. काम झकास चाललं होतं. घाई एवढीच झाली की नवरी अंघोळ करून आलीय, चेहरा धुतलाय, तर पुसण्यात कशाला वेळ घालवा, असा मी विचार केला. दोनदा कापूस फिरवला आणि बेस लावला. फोन उघडला. ताई आत आल्या, पुढून पाहिलं, काहीतरी विचारणार होत्या, तेवढ्यात बायकांचा घोळका आला आणि नवरीला उचलून घेऊन गेला.

आदल्या दिवशी नवरीला हळद लागली होती. आपल्याकडे हळद लावतात म्हणजे काय, लिंपतात. सात घरच्या बाया, सतरा हात. ती केसांच्या मुळांत, कानामागे, मानेच्या वळ्यांत जाऊन बसते आणि साबणाला कोळशासारखीच हसते. बाहेर ऊन असं की मांडवाचं कापडही तापलेलं. नवरीला घाम सुटला, आणि कपाळाच्या कडेकडून, कानांमागून माझ्या सुंदर बेसमधून पिवळा ओघळ उतरायला लागला. अंतरपाट धरायची वेळ झालेली. नवरदेवाच्या मावशीनं खणखणीत आवाजात विचारलं, "पोरीले कावीळ हाय काय वो?"

बँड थांबला. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

ताई उठल्या. डावीकडे झुकत, घाईनं, पण धावल्या नाहीत. मावशींना म्हणाल्या, "कावीळ नाही, हळद हाय. तुमच्याच घरची उष्टी हळद, पक्की बसली. चांगलं लक्षन होय." मग भटजींकडे वळल्या. "महाराज, देवापुढं तोंड धुऊन जाते ना? पंधरा मिन्टं." आणि बँडवाल्याला म्हणाल्या, "तू कायले थांबला? वाजव ना बाप्पा!" बँड सुरू झाला. त्यांनी नवरीला आत नेलं, कमरेचा बोळा काढला, तेल मागवलं, आणि मी घडवलेलं सगळं पुसून टाकलं. मी वाटी धरून उभी होते. मांडवात लोक वाट पाहत होते आणि ही बाई तेल लावून शांत थांबली होती, जसं काही साडेचार वाजले आहेत आणि खुर्चीत काकाजी आहेत. मग कानामागून, मानेवरून, केसांच्या कडेनं तिनं ती हळद काढली. पुन्हा बेस, पुन्हा डोळे. पंधराच्या पंचवीस मिनिटं झाली. नवरी बाहेर गेली तेव्हा त्याच मावशी म्हणाल्या, "आता कशी गोड दिसून राह्यली!"

परतताना ऑटोत ताई नुसत्या बाहेर पाहत बसल्या. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कॉलनीच्या फाटकाशी उतरल्यावर फक्त म्हणाल्या, "मारेगाव, उद्यापासून काकाजी."

म्हणजे मी पुन्हा पहिलीत. रुबीनानं त्याच आठवड्यात एक नवरी केली आणि ती पांढरकवड्याची रुबीना झाली. तिनं मला पेढा दिला, तो मी खाल्ला, आणि मोरीत जाऊन रडले. मला तिचा हेवा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

आणि मग कळलं की काकाजी जूनअखेर रिटायर होणार आहेत. क्वार्टर सोडावं लागणार. दोघं पुसदकडे, काकाजींच्या गावी जाणार. आमची बॅच शेवटची. जूनच्या मध्यावर मुहूर्त संपले. तोवर एकेक करून बाकीच्या चारजणींनाही नावं मिळाली, त्यांचं येणं थांबलं, आणि साडेचार वाजता त्या कुर्रकुर्र खुर्चीमागं मी एकटी मारेगाव उरले. वर मोठेबाबांचा फोन यायचा, "पेरन्या आल्या, काउंटरवर गर्दी हाय." मी रोज काकाजींच्या पापण्या पुसायचे. घाई कशाची नव्हतीच आता. ते रोज झोपायचे.

शेवटच्या दिवशी खाणीवर काकाजींचा निरोपसमारंभ होता आणि संध्याकाळी क्वार्टरसमोर शेजाऱ्यांचं जेवण. मी दुपारी भाजी चिरायला मदत करावी म्हणून गेले. ताई एकट्याच होत्या. अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. खुर्ची मात्र जागेवर होती. ताईंनी हात पुसले, पदर सावरला, आणि त्या खुर्चीत स्वतः बसल्या. खुर्ची कुर्र झाली.

"आता नवरी कुठून आनू तुह्यासाठी?" म्हणाल्या. "माहंच तोंड हाय. कर."

मी जागची हलले नाही.

"कर ना वं. पाच वाजता येतीन ते."

त्यांनी डोळे मिटले. मी ब्रशाला हात लावला नाही. कापूस घेतला, तेल घेतलं. उघड्या, काहीही न लावलेल्या चेहऱ्यावर तेल लावलं आणि थांबले. तेव्हा, डोळे न उघडताच, त्या बोलायला लागल्या.

त्यांच्या मामांना नाटकाचा नाद होता. झाडीपट्टीच्या एका मंडळीत ते तोंडं रंगवायचे. भाचीच्या लग्नात त्यांनी हौसेनं नाटकाचाच रंग आणला आणि तिला राणीसारखी रंगवली. "लय सुंदर दिसत होती म्हनतात मी. लावाले सगळे होते. काढाले कोनी नाही." दुसऱ्या दिवशी सासरच्या बायकांनी तो रंग साबणानं घासला, मग चुलीच्या राखेनं घासला. तोंड सुजलं, डोळे उघडेनात. नवी नवरी कोपऱ्यात तोंड झाकून बसली. आणि नवरा, जो तेव्हा नुकता खाणीत लागला होता आणि ज्याच्याशी ती अजून दोन वाक्यंही बोलली नव्हती, तो खोबरेलाची वाटी घेऊन समोर येऊन बसला.

"मले म्हने, आमी कोळसा असाच काढतो. घासाचं नाही. तेल लावाचं अन् थांबाचं." ताई मिटल्या डोळ्यांनीच हसल्या. "ते शिकवनारे, मी शिकनारी. मी तुमाले काय नवं शिकवलं?"

मी कापूस फिरवला आणि पाहिलं, तो काळा झाला होता.

"ताई, तुमच्याही तोंडावर कोळसा हाय."

"वनीतल्या कोनाच्या तोंडावर नसते? काढ."

मी काढला. कानामागून, मानेवरून, केसांच्या कडेनं. मग फार थोडं लावलं. इतकं थोडं की ब्रश धुवायलाही लागू नयेत. डोळ्यांखालचा शीण जरा झाकला, भुवई जरा भरली, ओठांना ओठांचाच रंग दिला. ताईंकडे चेहरा पाहून उघडणारा फोन नव्हता. त्यांनी आरसाही मागितला नाही. पदर नीट केला आणि दाराकडे तोंड करून बसल्या.

काकाजी आले. गळ्यात हार, अंगावर शाल, हातात नारळ, आणि तोंडावर कोळशावर गुलाल. मित्रांनी उधळलेला. हुकूम त्यांनी शेवटच्या दिवशीही पाळला होता, तोंड तसंच आणलं होतं. दारात चपला काढल्या, मान वर केली आणि बायकोकडे पाहत राहिले. मी भिंतीला टेकून उभी. नुसती हारातली फुलं मोजत राहिले.

"काय वं," काकाजी म्हणाले, "आज दुपारी झोपली होती काय? तरतरीत दिसून राह्यली."

बस, एवढंच. रंग त्यांना दिसलाच नव्हता. त्यांना फक्त त्यांची बायको दिसली होती, पोटभर झोप झालेली.

ताई खुर्चीतून उठल्या. नवऱ्याच्या हातातला नारळ घेतला, त्याला खुर्चीत बसवलं, आणि माझ्याकडे न पाहताच हात मागं केला.

"कापूस आन, वैशाली."

माझं नाव वैशाली आहे. सहा महिन्यांत त्या घरात ते कोणी उच्चारलं नव्हतं. मी कापूस दिला आणि मग बेधडक रडले, आणि ताईंनी मला रडू दिलं.

त्या दिवशी काकाजींचं तोंड त्यांनी स्वतः पुसलं. गुलाल काढला, कपाळ पुसलं, गाल पुसले. पापण्यांशी आल्या आणि हात थांबला. काकाजी वाट पाहून डोळे न उघडताच म्हणाले, "ते राह्यलं ना."

"राहू द्या तेवढं."

"काहून?"

"आता कुठून येनार हाय?"

काकाजींनी तिचा हात धरला, तेलकट कापसासकट. मी भाजीकडे गेले.

आठ दिवसांनी त्यांचा टेम्पो निघाला. आम्ही सहाही जणी पोचवायला गेलो होतो. मोठेबाबांना मी आदल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की काउंटरवर दुसरं कोणी पाहा, दिवाळीनंतरच्या दोन नवऱ्या ताईंनी माझ्याकडे दिल्यात. टेम्पोत मागं खोकी, खोक्यांवर पाय वर केलेली ती खुर्ची. पुढं ड्रायव्हरच्या शेजारी काकाजी, आणि खिडकीशी ताई, कमरेला बोळा. टेम्पो वळला तेव्हा काकाजींनी निरोपासाठी ताईंच्या खांद्यावरून मान बाहेर काढली आणि उन्हात त्यांचे डोळे लख्ख दिसले. पापण्यांच्या मुळाशी ती काळी रेघ अजून होती. आठ दिवस कोणी तिला हात लावला नव्हता.

रुबीनानं मला कोपरखळी मारली. मी ओरडले, "काकाजी, लाइनर सरळ हाय! कोनाचं होय?"

ते लाजले. उत्तर खिडकीतून ताईंचं आलं, हसत, टेम्पोच्या आवाजावर चढवलेल्या आवाजात.

"माह्यावालं!"